ढाक्याची बैत उर रौफ मशीद बघायची असेल तर
घुमट नाही, मिनार नाही, त्यामुळे बाहेरून "हीच का ती?" असं वाटणारच, पण आत जा. मरीना तबस्सुम यांनी डिझाइन केलेली ही विटांची मशीद २०१२ मध्ये झाली, २०१६ ला वास्तुकलेसाठीचं आगा खान अवॉर्डही मिळालंय. नमाजाच्या वेळा आधी बघून घ्या, शुक्रवारची दुपार टाळाच. अंगभर कपडे, बायकांनी ओढणी जवळ ठेवायची, चपला बाहेर. आणि ऊन असलेला दिवस निवडा, कारण छताला गोल गोल भोकं आहेत, त्यातून कवडसे खाली पडतात आणि हळूहळू सरकत राहतात, फोन खिशात टाकून निवांत बसलात तरच ते कळतं. फोटो काढायचे तर विचारून, नमाज पढणाऱ्यांच्या समोरून मात्र अजिबात जायचं नाही.