धाटाच्या सालींचा सेहूनचा मनोरा

चित्रकलेच्या तासाला मी हुशंग सेहूनवर भाषण देत नाही, त्याचा मनोराच करायला लावतो. माणूस तेहरानचा, जन्म १९२० चा. चित्रकार आणि वास्तुविशारद दोन्ही. पॅरिसला शिकला, १९७९ च्या क्रांतीनंतर इराण सोडलं, २०१४ ला व्हँकुव्हरला वारला. एवढं पुरे, बाकीचं हात चालता चालता कळतं.

इराणमधल्या निशापूरला उमर खय्यामच्या कबरीवर त्यानं मनोरा उभारला, १९६३ चा. पाय दहा. खय्याम आपल्याकडं रुबायांमुळं माहीत, पण तो गणिती आणि खगोलशास्त्रज्ञही होता. म्हणून त्या पायांपासून निघालेली पाती वर एकमेकांना छेदतात तिथं तारे होतात.

आधी दशकोन. १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, मध्य म. उजवीकडं आडवी त्रिज्या मअ, वर उभी मब. मअ च्या मधोमध क. कंपासचं टोक क वर, पेन्सिल ब वर ठेवून कंस फिरवा. डावीकडच्या त्रिज्येला तो ड मध्ये कापेल. मड एवढं अंतर कंपासमध्ये धरून वर्तुळावर दहा खुणा करा.

एखादं हुशार लेकरू पट्टीनं मड मोजतं, "सर, ६.२!" म्हणतं आणि तेवढंच अंतर घेऊन फिरतं. शेवटची खूण पहिलीवर बसत नाही, दोन मिलिमीटर पुढं पळते. खरं माप ६.१८ च्या आसपास, ते पट्टीवर कुठून दिसणार? मी मुद्दाम आधी सांगत नाही.

आता दर तिसरी खूण जोडत जा. पेन्सिल न उचलता दहाही टोकं फिरून घरी येता. दर चौथी जोडली तर मात्र दोन वेगळ्या चांदण्या पडतात. इंटरमिजिएटच्या पोरांना हा खेळ फार आवडतो.

मग पुठ्ठ्यावर त्या दहा खुणांच्या जागी दहा भोकं. ज्वारीच्या धाटाची साल सोलून रात्रभर भिजवा (जपून, बोट कापतं). प्रत्येक भोकात दोन साली. एक डावीकडं वाकवा, एक उजवीकडं. शेजारच्या सालीला जिथं छेदेल तिथं दोऱ्यानं बांधा, एकदा वरून, एकदा खालून, टोपली विणल्यासारखं. घाई केली की साल मोडते. गेल्या वर्षी माझ्याच सात मोडल्या, पोरं हसली.

इराणमधल्याच हमदानचा, इब्न सीना या जुन्या वैद्य-तत्त्वज्ञाचा मनोरा बारा खांबांचा, तोही सेहूनचाच. दशकोन जमला की त्याचं वर्तुळ चुटकीसरशी: त्रिज्येनं सहा भाग, मग प्रत्येकाचे दोन.

वाळल्यावर मनोरा दुपारी अंगणात न्या, सावलीतले तारे मोजा. एक बाजू दबलेली दिसली तर ते दोन मिलिमीटर शोधा.