अण्णांसोबत घरची जुनी टाटामोबाईल पुन्हा चालती करताना

आजोबांनी घेतलेली टाटामोबाईल २०६ आमच्या गोठ्याशेजारी नऊ वर्षं उभी होती. गुऱ्हाळावरचा गूळ कोल्हापूरला शाहूपुरीच्या पेठेत पोचवणारी हीच गाडी. मी आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रविवार-रविवार करत सव्वा वर्षात ती पुन्हा चालती केली. तुमच्या दारातही अशी पिकअप असेल, तर कुठून सुरुवात करायची ते सांगतो.

आधी कागद

पान्याला हात लावण्याआधी आरसी बुक शोधा. आमची गाडी अजून आजोबांच्याच नावावर होती. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. उशीर झाला असेल तर दंड भरा, पण हे काम टाळू नका. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला ठसा आरसीशी ताडून बघा. पिवळ्या पाटीच्या आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, लागतं. थकलेला कर आणि विमा यांचाही आकडा आधीच काढा.

मग वडिलांना बोलतं करा

एक वही घ्या आणि गाडीशेजारी बसा. कुठला गिअर अडायचा, कुठल्या चाकाचा ब्रेक आधी धरायचा, इंजिन कधी उघडलं होतं, सगळं लिहून घ्या. अण्णा म्हणाले, "डावा मागचा पाटा एकदा पन्हाळ्याच्या घाटात तुटलाय, तिथं नीट बघ." बघितलं, तर तिथल्याच हँगरशी, म्हणजे पाटा जिथे अडकवलेला असतो तिथे, चेसिसला चीर होती. मेकॅनिकला ती शोधायला अर्धा दिवस लागला असता.

सुटे भाग आणताना नाव नीट सांगा. टाटामोबाईल १९८८ मध्ये टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) पुण्यात काढली. तिच्याच पायावर १९९१ ला सिएरा आणि १९९४ ला सुमो आली. त्यामुळे १९४८ सीसीच्या इंजिनाचे बरेच भाग जुन्या सुमोचे चालतात. टाटाच्याच नंतरच्या २०७ डीआय पिकअपचं इंजिन मात्र जवळपास तीन लिटरचं, अगदी वेगळं. आम्ही दुकानात नुसतं "टाटाची पिकअप" म्हणालो आणि डीआयचं गॅस्केट घरी घेऊन आलो.

चेसिस आणि पत्रा

छोट्या हातोडीने चेसिसवर टकटक करत जा. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. हौद्याखाली आणि केबिनमधल्या मॅटखाली जरूर बघा, पाणी तिथंच मुरतं. कुजलेला पत्रा कापून नवा जोडा, वर रेड ऑक्साइड मारा. भोकावर नुसती लांबी (पुट्टी) भरून देणारा पेंटर भेटला तर त्याला नमस्कार करून परत पाठवा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायची.

इंजिनाला घाई नको

बरीच वर्षं उभ्या गाडीला लगेच सेल (स्टार्टर) मारू नका. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा, टाकी धुवा, फिल्टर आणि ऑइल बदला. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं नाही तर जोर करू नका, पुन्हा ऑइल आणि पुन्हा एक रात्र. मग हँडपंपाने डिझेल लाइनमधली हवा काढा. पहिल्यांदा सुरू करताना, इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर दाबायला एक सपाट फळी हाताशी ठेवा. डिझेल इंजिन सुसाट सुटलं तर चावी काढून थांबेलच असं नाही, हवा बंद केली की थांबतं.

ब्रेक: दोघांचं काम

ब्रेकमध्ये काटकसर नको. सगळी रबर किट, होज पाइप आणि फ्लुइड नवं घ्या. जुन्या फ्लुइडने पाणी शोषलेलं असतं. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. लोखंडी घोड्या लावा.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना एक जण पेडलवर, एक जण चाकाशी, हवा काढायच्या निपलपाशी. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे डाव्या मागच्या. मग उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. "दाबा", "धरा", निपल उघडायचं, बुडबुडे बघायचे, निपल बंद, मग "सोडा". निपल बंद होण्याआधी पेडल सुटलं तर हवा परत आत. बाटलीतलं फ्लुइड संपू देऊ नका. अण्णांचे गुडघे दुखतात, तरी ती सगळी दुपार ते सीटवरून उतरले नाहीत. चौथ्या चाकाला पेडल घट्ट लागलं तेव्हा तेच म्हणाले, "आता लागला."

टायरच्या कडेवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपुढचा टायर वापरू नका. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग जोडत बसण्यापेक्षा नवी ओढून घ्या.

रंग शेवटी

आम्ही हौसेने मडगार्ड आधी रंगवलं आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ते पुन्हा खराब झालं. मूळचाच रंग मारा. बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. काय रंगवायचं नाही, तेही आधी वडिलांना विचारा. हौद्याच्या आतल्या बाजूला आजोबांनी ढेपा मोजताना खिळ्याने ओढलेल्या रेघा आहेत. तेवढ्या पट्टीवर आम्ही फक्त पारदर्शक लॅकर मारलं.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, आपल्याच शेतात. दोन किलोमीटरनंतर उतरून चारही चाकांजवळ हात न्या. एखादं बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर ब्रेक अडकतोय. चाकांचे नट पुन्हा आवळा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर परत बदला. ती पहिली फेरी वडिलांना मारू द्या, तिचा क्लच त्यांच्या पायाला माहीत आहे.