व्हॅक्यूम लिफ्टरने माल उचलताना: आधी काटा, मग हुक

साखळी किंवा बेल्टवर जादा भार आला तर बऱ्याचदा आधी खुणा दिसतात. कडी लांबते, बेल्टचे धागे उसवतात, कुठेतरी करकर ऐकू येते. व्हॅक्यूम लिफ्टर, म्हणजे रबरी कडेच्या पॅडखालची हवा काढून माल धरणारं, क्रेनला टांगलेलं साधन, अशी खूण दाखवत नाही. सीलमधून, म्हणजे पॅडच्या त्या रबरी कडेतून, हवा आत शिरायला लागली तरी प्लेट आहे तशीच सपाट लटकलेली दिसते, आणि सुटते तेव्हा एकदम सुटते. त्याआधी जे काही कळतं ते गेजच्या, म्हणजे व्हॅक्यूम किती आहे ते दाखवणाऱ्या मीटरच्या, काट्यावर कळतं. म्हणून नवीन ऑपरेटरच्या हातात पेंडंट (क्रेन चालवायची लटकती बटणपेटी) देण्याआधी मी त्याला गेजसमोर उभं करते आणि काटा वाचायला लावते.

मी पत्रा आणि जाड प्लेटच्या शॉपमध्ये ओव्हरहेड क्रेन चालवते. त्यामुळे इथली उदाहरणं बहुतेक पोलादाची आहेत. काच, दगड किंवा काँक्रीटचं काम जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

पंप माल ओढून धरतो असं बहुतेकांना वाटतं. खरं तर माल धरते बाहेरची हवा. पंप फक्त पॅडखालची हवा काढून घेतो, मग खालून दाबणाऱ्या हवेला वरून उत्तर उरत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, म्हणजेच जवळपास एक बार असतो. काटा उणे ०.६ बारवर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.६ बार खाली असेल तर त्यातला सहाशे ग्रॅमच्या आसपास दाब आपल्या कामी येतो. ३०० मिलिमीटर व्यासाचा गोल पॅड घ्या. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे कागदावर तो ४३० किलो धरेल. पण सपाट मालासाठी किमान दुप्पट सुरक्षितता धरायची असते, म्हणून कामाला २१५ किलोच मोजायचे. उरलेली निम्मी ताकद ब्रेकचा धक्का, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, थोडी गळती यांच्यासाठी राखलेली आहे. ‘दुप्पट धरतो म्हणजे अजून थोडं चालेल’ असं कोणी म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. मोठा पंप बसवून लिफ्टरची क्षमता वाढत नाही, कारण बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब कुठून आणणार? क्षमता वाढते ती पॅडचं क्षेत्रफळ किंवा पॅडची संख्या वाढवून, आणि तेही ज्याने लिफ्टर बनवला त्याच्याकडूनच. उंचावरच्या ठिकाणी तर हवाच पातळ असते. समुद्रसपाटीला काटा उणे ०.८ बारपर्यंत नेणारा पंप १५०० मीटर उंचीवर उणे ०.६७ च्या आसपासच अडकतो. तिथे काटा गेजवरच्या हिरव्या, म्हणजे सुरक्षित पट्ट्यात पोचत नसेल तर पंप बिघडलाय म्हणून खोलत बसू नका, आधी उंची तपासा. आणि कारण काहीही असो, काटा हिरव्यात नाही म्हणजे माल उचलायचा नाही.

गेज वेगवेगळ्या एककांत येतात, त्याने घोटाळा होतो. उणे ०.६ बार म्हणजेच ६० किलोपास्कल, म्हणजेच ४५० मिलिमीटर पारा, म्हणजेच जवळपास १८ इंच पारा. आपल्या गेजवर कोणतं आहे ते पाहून ठेवा.

आता वजन. अंदाजाने वजन सांगणारा माणूस या कामात नको. पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. काचेला हाच आकडा अडीच किलो, ॲल्युमिनियमला २.७. म्हणजे ६ मीटर बाय २ मीटरची १२ मिलिमीटर प्लेट ११३० किलोची. त्यात लिफ्टरचं स्वतःचं वजन धरायला विसरू नका. क्रेन दोन टनाची आणि लिफ्टर, पॅड ज्याला लावतात तो बीम, शॅकल (जोडकडी) मिळून ३०० किलोचे असतील, तर क्रेनच्या हिशोबाने माल १७०० किलोच उरतो. लिफ्टरच्या क्षमतेच्या पाटीवर त्याहून कमी आकडा असेल तर तो कमी आकडाच खरा. काही पॅड कॉक फिरवून बंद केले असतील तर पाटीवरचा पूर्ण आकडा लागू होत नाही. चालू पॅडांचाच हिशोब करा.

शिफ्टच्या सुरुवातीची तपासणी हा माझ्या मते कामाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि घाईत सगळ्यात आधी वगळला जातो तोही हाच. हुकची कुंडी बसते का, शॅकलच्या पिनला स्प्लिट पिन आहे का, वेल्डला तडा आहे का, पाटी वाचता येते का, हे एका फेरीत होतं. नंतर प्रत्येक पॅडच्या सीलवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसलेली चीर बोटाला लागते. कड कडक झाली असेल, चकाकत असेल, एका बाजूला दबून बसली असेल, तर सील बदला. सीलमध्ये अडकलेला लोखंडाचा बुरा किंवा ग्राइंडिंगचा चुरा काढून टाका. सील साबणाच्या पाण्याने पुसा. पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. घट्ट बसावं म्हणून ग्रीस लावणारेही मी पाहिले आहेत. त्याने गळती थोडी लपते, आणि उभा माल मात्र घसरायला मोकळा होतो.

मग गळती तपासा. लिफ्टर एका स्वच्छ, सपाट, जमिनीवर ठेवलेल्या प्लेटवर टेकवा, काटा हिरव्या पट्ट्यात येऊन स्थिर होऊ द्या, पंप बंद करा आणि घड्याळ लावून उभे राहा. किती मिनिटांत काटा शून्याकडे किती घसरला तर चालतं, हे त्या लिफ्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त घसरला तर दोष सीलमध्ये, नळीत, जोडात किंवा उलट हवा अडवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आहे. हा व्हॉल्व्ह सगळ्यात महत्त्वाचा. पंप थांबल्यावर लिफ्टरच्या टाकीतली निर्वात जागा तोच टिकवून ठेवतो. याच वेळी अलार्म पण पाहून घ्या. माल जमिनीवरच असताना लाकडी पट्टीने सीलची कड जराशी उचला. काटा लाल पट्ट्याकडे जाताच भोंगा वाजला पाहिजे आणि दिवा लागला पाहिजे. कोणी आवाजाला कंटाळून भोंग्यावर चिकटपट्टी लावून ठेवली असेल तर ती काढल्याशिवाय त्या लिफ्टरने एक पत्राही उचलू नका. अलार्मची बॅटरी वेगळी असेल तर तिचाही चार्ज बघा.

फिल्टरची काच रोज पाहा. धूळ दिसली तर साफ करा, पाणी साठलं असेल तर काढा. दाबाच्या हवेवर चालणारा लिफ्टर असेल तर लाइनचा दाब पुस्तिकेत सांगितला आहे तेवढा येतोय ना, तेही बघा. शॉपमधलं दुसरं मोठं मशीन चालू झालं की तो दाब पडतो.

माल कसा आहे यावर अर्धं काम ठरतं. पृष्ठभाग कोरडा, पुसलेला, सपाट हवा. तेलाचा थर, पाणी, गंज, सुटणारे पापुद्रे, वेल्डिंगचे शिंतोडे, यांतलं काहीही सीलखाली आलं तर हवेला वाट मिळते. पत्र्यावर संरक्षक प्लास्टिक चिकटवलेलं असेल तर लक्षात घ्या की पॅड त्या प्लास्टिकला धरतो आणि प्लास्टिक पत्र्याला. ते सुटतंय का हे एका कोपऱ्यावर आधीच पाहा. खडबडीत दगडाला आणि काँक्रीटला मऊ स्पंजचं सील लागतं. सच्छिद्र मालातून हवा सतत झिरपते, म्हणून तिथे पंप चालू असतानाही काटा स्थिर राहतो का ते टेकवून पाहावं लागतं. गरम मालासाठी वेगळं रबर लागतं. भट्टीतून किंवा कटिंगवरून आलेली ऊन प्लेट नेहमीच्या सीलने उचलू नका.

तेल लावलेले पातळ पत्रे एकमेकांना चिकटतात. वरच्या पत्र्यासोबत खालचा उचलला जातो आणि मधल्या वाटेत गळून पडतो. उचलताना कडेने जाडी बघा. दोन दिसले तर परत टेकवा आणि कोपऱ्यातून पाचर घालून वेगळे करा. हात घालायचा नाही.

पॅड मालाच्या मध्याला सारखे बसवा. मध्य अंदाजाने धरू नका, टेपने मोजून खडूची खूण करा. कापून खिडकी काढलेल्या प्लेटच्या वजनाचा मध्य भौमितिक मध्यापेक्षा सरकलेला असतो. पातळ पत्र्याच्या बाबतीत वजनाचं भय कमी आणि वाकण्याचं जास्त. ३ मीटर बाय दीड मीटरचा २ मिलिमीटर पत्रा जेमतेम ७१ किलोचा, पण पॅड मध्येच गोळा केले तर टोकं झुलतात, पत्रा वाकतो आणि सीलची बाहेरची कड सोलल्यासारखी सुटते. पॅड बीमवर पसरवा, टोकं फार बाहेर लोंबू देऊ नका.

मग उचलायचं. पॅड टेकवा, व्हॅक्यूम चालू करा, काटा हिरव्यात येईपर्यंत थांबा, आल्यावरही दोन-चार श्वास थांबा. काटा स्थिर आहे का? हुकची दोरी सरळ उभी आहे का? तिरपी असेल तर क्रेन सरकवून मालाच्या बरोबर वर आणा. तिरप्या ओढीने पॅडची एक बाजू उघडते. आता सावकाश उचला, पाच-दहा सेंटिमीटरवर थांबा. तिथे परत काटा. माल एका बाजूला कलतो आहे, काटा सरकतो आहे, तर खाली ठेवा आणि पुन्हा बसवा. या थांब्याला जो वेळ लागतो तो कोणी मागितला तर द्यायचा नाही.

नेताना माल जितका खाली ठेवता येईल तितका ठेवा, झटके देऊ नका, पेंडंटचं बटण टकटक दाबून माल झुलवू नका. वाटेत माणूस नको, मालाखालून तर कोणीच जाणार नाही. माल वळवायला दोरी बांधली असेल तर ती फक्त दिशा द्यायला आहे, तिने माल ओढायचा नाही. सिग्नल देणारा एकच माणूस असू द्या. ‘थांब’ मात्र कोणीही म्हटलं तरी थांबा. उघड्यावर मोठे पॅनेल असतील तर वाऱ्याचा हिशोब करा. सेकंदाला १० मीटरचा वारा ६ चौरस मीटरच्या काचेला समोरून आला तर चाळीस-पंचेचाळीस किलोचा आडवा रेटा देतो. पुस्तिकेतल्या वाऱ्याच्या मर्यादेपलीकडे काम बंद.

उभा माल हे वेगळं प्रकरण आहे. आडव्यात हवा मालाला पॅडवर दाबते आणि वजन त्याच रेषेत असतं. उभ्यात वजन पॅडवरून खाली घसरायला बघतं, त्याला अडवतं फक्त रबराचं घर्षण. ओल्या किंवा तेलकट पृष्ठभागावर हे घर्षण फार पडतं. म्हणून उभ्यासाठी सुरक्षितता दुपटीऐवजी चौपट धरतात. पाटीवर उभ्याचा आकडा वेगळा दिलेला नसेल, तर तो लिफ्टर माल उभा करायला नाहीच असं समजा. बांधकामावर व्हॅक्यूमशिवाय दुसरा आधार, म्हणजे सुरक्षा साखळी किंवा पट्टा हवा. तो माल जमिनीलगत असताना लावायचा आणि परत जमिनीलगत आल्यावरच काढायचा.

वीज गेली तर? लिफ्टरांसाठीच्या ईएन १३१५५ या युरोपियन मानकात वीज गेल्यावरही माल किमान पाच मिनिटं धरून ठेवण्याची अट आहे. ही पाच मिनिटं काम पूर्ण करायला नाहीत. भोंगा वाजला की पहिली गोष्ट म्हणजे माणसं दूर, आणि क्रेनला वीज असेल तर माल जिथे आहे तिथेच सावकाश खाली. रिकामी जागा शोधत पुढे नेऊ नका. क्रेनचीही वीज गेली असेल तर खालची जागा मोठ्या घेरात बंद करा, आणि ब्रेक हाताने सोडून माल उतरवायचं काम ज्याला शिकवलं आहे त्यालाच करू द्या. लटकत्या प्लेटला हाताने टेकू द्यायला किंवा खाली ठोकळे सरकवायला कोणी धावला तर त्याला ओरडून मागे घ्या. चांगली, कामसू माणसंच अशी धावतात, म्हणून हे आधी सांगून ठेवावं लागतं.

उतरवताना ठोकळ्यांवर माल पूर्ण बसू द्या. दोरी जराशी सैल करा, लिफ्टर कलंडेल इतकी नाही. मग दोन्ही बटणं दाबून व्हॅक्यूम सोडा. दोन बटणं ठेवलेली असतात ती चुकून धक्का लागून माल सुटू नये म्हणून. एक बटण टेपने दाबून ठेवलेलं दिसलं तर लिफ्टर बाजूला काढा. काटा शून्यावर आल्यावर लिफ्टर अगदी हळू उचला आणि सगळे पॅड सुटलेत का पाहा. एखादा चिकटून राहिला तर माल एका बाजूने उचलला जातो.

काम संपल्यावर लिफ्टर पॅडवर उभा ठेवू नका, स्टँडवर टांगा. रात्रभर वजनाखाली राहिलेलं सील तसंच दबून बसतं. उन्हात आणि भट्टीजवळही नको. सकाळच्या गळती तपासणीत काटा किती मिनिटांत किती घसरला, तो आकडा तारखेसह वहीत लिहा. आठवड्याभराचे आकडे एकाखाली एक आले की सील कधी बदलायचं हे अलार्म वाजण्याच्या कितीतरी आधी कळतं.