कडाक्याच्या थंडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल योग्य तापमानात कसं ठेवावं

रात्रभर गोठणाऱ्या थंडीत उभी असलेली ऑटोमॅटिक गाडी सकाळी 'डी'मध्ये टाकली की कधी कधी क्षणभर जागची हलत नाही. मग एक धक्का बसतो आणि ती पुढे सरकते. पहिले दोन गिअर नेहमीपेक्षा लांबतात, इंजिनाचा आवाज चढतो, आणि गिअरबॉक्स गेला की काय या शंकेने पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो, आतलं ऑइल गार असतं एवढंच. पण त्या पहिल्या पाव तासात तुम्ही गाडी कशी हाकता, यावर गिअरबॉक्सचं आयुष्य बरंच अवलंबून असतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

या ऑइलवर तीन कामांचा भार असतो. त्याच्या दाबावर क्लच पकडतात, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच इंजिनाची ताकद पुढे देतं, आणि आतल्या भागांना वंगण आणि गारवाही तेच पुरवतं. हल्लीचं पातळ ऑइल ४० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांवर गेलं की साधारण पाचपट पातळ होतं. उलट थंडीत ते किती घट्ट होऊ शकतं बघा: डेक्स्रॉन-६ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलच्या मानकात उणे ४० अंशांना १५,००० सेंटिपॉइजपर्यंतचा (हे घट्टपणाचं माप) घट्टपणा चालतो. साध्या खोलीतल्या पाण्याचा आकडा जेमतेम १ असतो. गारठलेल्या गाडीची डिपस्टिक ओढून पाहा, टोकाला आलेला थेंब लोंबत राहतो, पटकन पडत नाही. असलं ऑइल अरुंद वाटांमधून वेळेवर क्लचपर्यंत पोचावं ही अपेक्षाच चुकीची.

आपल्याला हवी ती पातळी साधारण ८० ते ९५ अंशांची. त्याच्या फार खाली असताना बहुतेक गाड्या टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स न घसरता थेट जोडले जाणं) होऊ देत नाहीत, काही तर वरचा गिअरही उशिरा देतात. इंधन जास्त जातं ते त्यामुळे. १२० अंशांच्या वर ऑइल भराभर खराब व्हायला लागतं.

आधी तापमान कळू द्या

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा इंजिनाच्या कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा असतो, गिअरबॉक्सचा नव्हे. सगळी गल्लत इथेच होते. काटा मध्यावर आला की लोक समजतात गाडी तापली, आणि पाय दाबतात. प्रत्यक्षात इंजिन ८५ वर असताना गिअरबॉक्स ३५-४० वर रेंगाळत असू शकतो. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून आतले आकडे वाचणारं यंत्र घ्या, पण घेताना तो तुमच्या कंपनीच्या गाडीतलं गिअरबॉक्सचं तापमान वाचतो का, हे विचारून घ्या. सर्वसामान्य स्कॅनरच्या यादीत हा आकडा बहुतेक वेळा नसतो.

स्कॅनर नसेल तर आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाताना पाय न हलवता काटा दोन-तीनशेने खाली आला आणि तिथेच टिकला, तर लॉक-अप झालं. म्हणजे ऑइल बऱ्यापैकी तापलं.

थंडी सुरू होण्याआधी

मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मानकाचंच ऑइल आहे ना, ते पाहा. थंडी आहे म्हणून स्वतःच्या अंदाजाने आणखी पातळ ऑइल घालू नका. सीव्हीटीचं (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑइल वेगळं असतं, ते इथे चालत नाही आणि इथलं तिथे चालत नाही.

पातळी मोजताना तापमानाचं भान ठेवा. गार ऑइल आकसतं, त्यामुळे गार गाडीत 'हॉट'च्या खुणेपर्यंत भरलं तर तापल्यावर ते जास्त होतं, फेसाळतं, आणि फेसाला दाब धरवत नाही. ज्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही त्यांची पातळी इंजिन चालू ठेवून ठरावीक तापमानातच तपासतात, बऱ्याचदा ३० ते ५० अंशांच्या दरम्यान. मेकॅनिकने तापमान न बघता बूच उघडलं तर थांबवा आणि विचारा.

एक गोष्ट सहज निसटते, ती म्हणजे इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो उघडा अडकला असेल तर इंजिन तापत नाही, हीटर कोमट हवा फेकतो, आणि कूलंटच्या उष्णतेवर तापणारा गिअरबॉक्सही गारच राहतो. गिअरबॉक्सवर खर्च करण्याआधी हा स्वस्तातला भाग तपासा. कूलंटही बघून घ्या. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर साधारण उणे ३७ अंशांपर्यंत ते गोठत नाही.

सकाळी गाडी काढताना

सुरू करून मिनिट-दोन मिनिटं थांबा. त्याहून जास्त थांबून गिअरबॉक्सला फारसा फायदा नाही, कारण 'पार्क'मध्ये कन्व्हर्टरवर भार नसतो आणि भाराशिवाय उष्णता फार थोडी तयार होते. जुन्या क्रायस्लर टॉर्कफ्लाइटसारख्या काही गिअरबॉक्समध्ये तर 'पार्क'ला कन्व्हर्टरकडे ऑइलच जात नाही, तिथे हँडब्रेक ओढून 'न्यूट्रल'मध्ये थांबतात.

मग ब्रेक दाबून 'आर', 'एन', 'डी' असं करत प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद थांबा, म्हणजे सगळ्या वाटांमध्ये ऑइल भरतं. आता निघा. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाय हलका ठेवा, आरपीएम दोन-अडीच हजारांच्या आत. ट्रेलर जोडलेला असेल किंवा लगेच घाट असेल तर आणखी सबुरी. 'डी'तून 'आर'मध्ये जाताना गाडी पूर्ण थांबू द्या. लवकर तापावं म्हणून ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकत्र दाबू नका. त्याने कन्व्हर्टरमधलं ऑइल काही सेकंदांत चटका लागेल इतकं तापतं आणि बाकीचं गारठलेलंच राहतं.

उणे २५-३० ची थंडी रोजची असेल तर चेंबरला, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तबकाला, चिकटवायचा हीटिंग पॅड लावून घ्या. चेंबर धातूचा आहे याची आधी खात्री करा, कारण बऱ्याच नव्या गिअरबॉक्सचा तो प्लॅस्टिकचा असतो. खालून ज्योत किंवा शेगडी लावण्याचा विचारही नको.

जादा कूलर असेल तर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. रेडिएटरच्या टाकीतला गिअरबॉक्स ऑइलचा कूलर हिवाळ्यात उलटा उपयोगी पडतो, कारण कूलंट आधी तापतं आणि ऑइलला ऊब देतं. पण ओझं ओढण्यासाठी पुढे बसवलेला, हवेवर चालणारा जादा कूलर गोठलेल्या वाऱ्यात ऑइलला तापूच देत नाही. त्याहून वाईट म्हणजे, त्याच्या बारीक नळ्यांत ऑइल इतकं घट्ट होतं की वाट तुंबते. परतीचं ऑइल येत नाही, आणि बाहेर बर्फ असतानाही गिअरबॉक्स आतून तापतो. तापमानाचा आकडा चढताना पाहून माणूस कूलर आणखी मोठा घेतो, आणि दुखणं वाढतं.

उपाय आहे थर्मोस्टॅटिक बायपास व्हॉल्व्ह. साधारण ८० अंशांपर्यंत तो ऑइल कूलरकडे न पाठवता परस्पर परत फिरवतो. तो बसवता येत नसेल तर ऑइल आधी हवेच्या कूलरमधून आणि मग रेडिएटरमधून फिरेल अशी जोडणी करून घ्या, म्हणजे परतताना त्याला ऊब मिळते. नळ्या तुंबण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. कूलरसमोर पुठ्ठा लावायची जुनी युक्तीही चालते, पण फक्त कूलरचा काही भाग झाका, गाडीची पुढची सगळी जाळी नव्हे. रोज तापमान बघा आणि हवा उबदार होताच पुठ्ठा काढा.

बर्फात रुतल्यावर

इथे धोका उलट्या बाजूचा. चाकं जागच्या जागी फिरवत, 'डी' आणि 'आर' करत गाडी झुलवली की कन्व्हर्टर सतत घसरतो आणि गारठ्यातही ऑइल १२० च्या पुढे जाऊ शकतं. चार-पाच प्रयत्नांनंतर थांबा. धूर सोडणाऱ्या नळकांड्यासमोरचा बर्फ काढा, 'पार्क'मध्ये इंजिन काही मिनिटं चालू राहू द्या, म्हणजे ऑइल फिरून निवेल. तोवर चाकांसमोरचा बर्फ उकरा, वाळू टाका किंवा फळी सरकवा.

गाडी पूर्ण तापल्यावरही गिअर घसरत असेल, किंवा 'डी' टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नसेल, तर तो थंडीचा दोष नाही. गॅरेज गाठा. ऑइल काळपट आणि जळकट वासाचं असेल तरीही. आणि डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ ऑइल दिसलं तर रेडिएटरमधून कूलंट आत शिरलं आहे. मग इंजिन पुन्हा सुरू करू नका. ज्या चाकांना ताकद जाते ती उचलून, किंवा अख्खी गाडी ट्रकवर चढवून न्या.