फळांचा चोथा आणि टाकाऊ ग्लिसरीन यांपासून सायट्रिक आम्ल : बुरशीकडून काम करून घेण्याची पद्धत

बुरशीला साखर भरपूर मिळाली, पण वाढीसाठी लागणाऱ्या एखाद-दोन गोष्टींची चणचण भासली, तर ती शरीर वाढवण्याऐवजी साखरेचे आम्ल करून बाहेर टाकते. अस्परजिलस नायजर ही काळी बुरशी अतिशय आम्लधर्मी, साखरयुक्त द्रावणात विपुल सायट्रिक आम्ल देते, हे अमेरिकी अन्नरसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी 1917 साली दाखवले आणि 1919 मध्ये फायझर कंपनीने त्यावर आधारित उत्पादन सुरू केले. आजही जगातील बहुतेक सायट्रिक आम्ल याच बुरशीपासून मिळते. टाकाऊ पदार्थ वापरताना अडचण येते ती अशी की, त्यांत बुरशीला नको ते सगळे असते. म्हणून या कामातील निम्म्याहून अधिक मेहनत बुरशी घालण्यापूर्वीच करावी लागते.

हे काम प्रयोगशाळेतच करावे. कुजलेल्या फळावरची काळी बुरशी खरवडून वापरण्याचा मोह टाळावा, कारण दिसायला सारख्या असणाऱ्या काही बुरशी विषारी द्रव्ये तयार करतात, आणि खुद्द नायजरचेही काही वाण ऑक्रॅटॉक्सिन हे विष बनवतात. ओळख पटलेला वाण मान्यताप्राप्त संवर्धन संग्रहातून घ्यावा. बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून ते हाताळताना जैवसुरक्षा कपाट आणि मुखपट्टी वापरावी.

प्रथम फळांच्या साली व चोथा बारीक करून गरम पाण्यात मुरवावा, पिळून गाळावा आणि मिळालेला अर्क आटवून त्यातील साखर लिटरमागे 120 ते 150 ग्रॅमपर्यंत आणावी. पातळ अर्कावर भागवू नये, कारण साखर थोडी असली की बुरशी ती वाढीसाठीच खर्च करते आणि हाती केवळ बुरशीचा लगदा येतो. शिळ्या पावासारखा पिष्टमय कचरा असेल, तर नायजर स्वतःच पिष्ट फोडणारी विकरे सोडते; तरीही विकर घालून पिष्टाची आधीच साखर करून घेतली, तर प्रत्येक वेळचे निकाल ताडून पाहणे सोपे जाते.

यानंतरची पायरी सर्वांत निर्णायक आहे आणि नेमकी तीच वगळली जाते. लोह व मँगनीज हे धातू कचऱ्याच्या अर्कात हमखास असतात, आणि मँगनीज तर लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढे असले तरी आम्लाचे उत्पादन घटवते. मँगनीज मिळालेली बुरशी लांब, गुंतलेले तंतू काढून जोमाने वाढते. त्याच्या अभावी तिचे तंतू आखूड आणि जाड होतात व द्रवात लहान, घट्ट गोळ्या दिसतात. साखर कारखान्याच्या मळीतील धातू काढण्यासाठी उद्योगात पोटॅशियम फेरोसायनाइड वापरत आले आहेत, परंतु तीव्र आम्लात तापवल्यास त्यातून अतिविषारी हायड्रोजन सायनाइड निघू शकतो. म्हणून शिकणाऱ्याने अर्क धनायन-विनिमय रेझिनच्या (धातूंचे आयन धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या) स्तंभातून गाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यापुढे लोखंडी भांडे किंवा चमचा अर्काला लागू देऊ नये.

शुद्ध केलेल्या अर्कात लिटरमागे सुमारे 2 ग्रॅम अमोनियम नायट्रेट, 1 ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि पाव ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालावे. अर्कात मुळातच नायट्रोजन बराच असेल, तर नायट्रेटचे प्रमाण कमी करावे. सामू (pH) 5 च्या किंचित वर ठेवावा, कारण त्याहून आम्ल द्रावणात बीजाणू नीट रुजत नाहीत. 250 मिलिलिटरच्या शंकूपात्रात केवळ 50 मिलिलिटर द्रव घेऊन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) 121 अंश सेल्सिअसला 15 ते 20 मिनिटे निर्जंतुक करावा, थंड झाल्यावर मिलिलिटरमागे सुमारे दहा लाख बीजाणू पडतील एवढे विरजण घालावे आणि पात्रे 30 अंशांवर शेकरमध्ये (सतत हलवणाऱ्या यंत्रात) ठेवावीत. अमोनियम शोषून घेताना बुरशी स्वतःच सामू खाली आणते. तो 3 च्या खाली उतरणे आवश्यक आहे, कारण त्याहून वर राहिल्यास साखर ग्लुकोनिक आणि ऑक्झॅलिक आम्लांकडे वळते. शेकर मध्येच बंद पडू देऊ नये : हवा काही काळ तुटली, तर बुरशी जगते, वाढतेही, पण तिची आम्ल देण्याची क्षमता पूर्ववत होत नाही.

इंधनाच्या बाजूने पाहिले, तर 100 किलो बायोडिझेलमागे सुमारे 10 किलो अशुद्ध ग्लिसरीन उरते आणि त्यात मिथेनॉल, साबण व क्षार मिसळलेले असतात. फॉस्फोरिक आम्लाने सामू 3 च्या आसपास आणला की साबण फुटून मेदाम्ले वर तरंगतात; ती वेगळी करावीत. मिथेनॉल 65 अंशांच्या आसपास उकळते, विषारी असते आणि चटकन पेट घेते, म्हणून ते धूर-कपाटात, उघड्या ज्योतीशिवाय ऊर्ध्वपातनाने काढावे. उरलेल्या क्षारांना बऱ्यापैकी दाद न देणारे यारोविया लिपोलिटिका हे यीस्ट इथे योग्य ठरते. यीस्ट हीदेखील बुरशीच असते. नायट्रोजन तुटपुंजा ठेवून आणि अल्कली घालत राहून सामू 5 ते 6 मध्ये राखला, तर ते सायट्रिक आम्ल देते, मात्र सोबत आयसोसायट्रिक आम्लही येते. सामू 3 च्या आसपास व द्रावण दाट ठेवले, तर तेच यीस्ट त्याच ग्लिसरीनपासून एरिथ्रिटॉल हे गोड द्रव्य बनवते. काय हवे ते म्हणूनच आधी ठरवावे लागते.

नायजरची पात्रे पाचव्या दिवसापासून रोज तपासावीत. गाळलेल्या द्रवाचे फिनॉल्फ्थॅलीन हा रंगदर्शक वापरून 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केल्यास प्रत्येक मिलिलिटर अल्कलीमागे 6.4 मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल धरावे. या आकड्यात सर्वच आम्ले मोजली जातात, हे मात्र विसरू नये. थोड्या द्रवाचा सामू 5 वर आणून थंड असतानाच कॅल्शियम क्लोराइड घातल्यावर लगेच पांढरा साका बसला, तर ऑक्झॅलिक आम्ल झाले आहे असे समजावे, कारण कॅल्शियम सायट्रेट प्रामुख्याने उकळल्यावर खाली बसते.

सायट्रिक आम्ल वेगळे करताना याच गुणाचा उपयोग होतो. गाळलेला द्रव तापवून चुन्याने उदासीन करावा, खाली बसलेले कॅल्शियम सायट्रेट गरम असतानाच गाळून गरम पाण्याने धुवावे आणि त्यावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल बेताने घालावे. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) तळाशी राहते व वरच्या द्रवात सायट्रिक आम्ल येते, जे आटवून थंड केल्यावर स्फटिकरूपात मिळते. हे स्फटिक रासायनिक प्रयोगांसाठी ठेवावेत, खाण्यासाठी कधीही वापरू नयेत. बुरशीचा उरलेला लगदा पुन्हा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय प्रयोगशाळेबाहेर जाऊ देऊ नये.