गाडी उलाळ झाली की

बारावीला फिजिक्स-मॅथ्स, आधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल, डीजीसीए या सरकारी विमान नियामकाचे पेपर, 200 तास उड्डाण. कमर्शियल पायलट लायसन्सची ही यादी कुठंही मिळते. बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणारी विमानं बघत वाढलेली आमच्याकडची पोरं फोन करून तीच विचारतात. मी लोडशीटचं लावून धरतो, म्हणजे विमानात कुठं किती वजन आहे त्या हिशेबाच्या कागदाचं. त्यांना ते कारकुनी काम वाटतं. मलाही वाटायचं.

ट्रेनिंगच्या तिसऱ्या महिन्यात मागच्या सीटवर एक मित्र बसणार होता. मी त्याचं वजन ठोकून 70 किलो लिहिलं. इन्स्ट्रक्टरनी काही न बोलता त्याला बॅगेसकट काट्यावर उभं केलं. 94. त्या दिवशीचं उड्डाण रद्द, आणि संध्याकाळी माझ्या हातात स्वीडनच्या एका अपघाताचा चौकशी अहवाल.

14 जुलै 2019, उमेओ. गिप्सएरो जीए-8, एका इंजिनाचं विमान. आत पायलट आणि आठ स्कायडायव्हर. सुमारे चार हजार मीटरवर ते ताब्यातून गेलं. वेग कमी, भोवती ढग, शेपटीकडं भार आणि पायलटला बाहेरचं काही न दिसता उडवायचा सराव तुटपुंजा. खाली कोसळताना वेग इतका वाढला की विमान हवेतच मोडलं. नऊही गेले. पाठीवर पॅराशूट असून उड्या का मारल्या नाहीत, हे मीही विचारलं होतं. तसं गरगरत पडताना शरीर जागच्या जागी दाबलं जातं, दारापर्यंत सरकता येत नाही. दोन वर्षांनी, 8 जुलै 2021 ला, त्याच देशात ओरेब्रोला पुन्हा आठ स्कायडायव्हर आणि पायलट गेले.

सुट्टीत घरी अप्पांना हे सांगत होतो. त्यांनी उमेदीत बैलगाडीनं कारखान्याला ऊस घातलेला. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे सगळा भार तोलला जातो तो बिंदू, समजावायला मी कागद काढला, तर म्हणाले, "म्हंजे गाडी उलाळ झाली की रे!" मागं भार जास्त झाला की जू वर उचलतं आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळतात. "धुरजड गाडी बैल रेटून न्हेतोय. उलाळ झालेली सावरत न्हाई."

नाक जड असलेलं विमान आडमुठं, पण सरळ जातं. शेपूट जड झालेलं जरा डिवचलं की आणखी उलटं वागतं. पेपरला मी हेच चार ओळींत लिहून मार्क मिळवले होते.

मग अप्पांनी विचारलं, "आनि चालत्या गाडीत मानसं मागं सरकली तर?"

जीए-8 चं दार मागं असतं. उडी मारणारे तिथंच गोळा होतात. स्कायडायव्हर नेणारा पायलट व्हायचं असेल, तर वजन गुणिले विमानावरच्या ठरलेल्या बिंदूपासूनचं अंतर हा हिशेब दोनदा मांडा, एकदा सगळे बसलेले धरून आणि एकदा सगळे दाराशी आलेले धरून. इंधन लिटरमध्ये भरतात, ते किलोत करून घ्या. आमचं एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लिटरला साधारण 0.72 किलो. माझ्या बॅगेत आता हातात धरायचा स्प्रिंगकाटा असतो. पोरं त्याला भंगारवाल्याचा काटा म्हणतात.