१/२५ स्केल रेल ड्रॅगस्टरची चासी घरी कशी बनवायची

साठच्या दशकातल्या अमेरिकन रेल ड्रॅगस्टरमध्ये (सरळ ट्रॅकवरच्या शर्यतीची, उघड्या पाइपांच्या सांगाड्याची लांबलचक गाडी) बघण्यासारखं काय तर पाइपच, आणि किटमध्ये नेमके तेच जाडजूड येतात, म्हणून चासी, म्हणजे हा सांगाडा, स्वतः बनवलेली बरी. १/२५ ला हिशोब एकदम सोप्पा, खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे मॉडेलवर साधारण एक मिलिमीटर. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २०० इंच असेल तर २०३ मिमी, पाइप दीड इंची असेल तर दीड मिमी तार, झालं.

मेन रेलला, म्हणजे चासीच्या मुख्य लांब पाइपांना, पितळी तारच घ्या, तीही सरळ, गुंडाळीतली नको. प्लास्टिक रॉड चिकटवायला सोपा असतो पण एवढ्या लांबीत त्यावर इंजिनचं वजन आलं की मधे बाक येतो.

खरं काम जिगचं, म्हणजे तारा जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचं. इथे आळस केलात तर गाडी तीन चाकांवरच उभी राहणार. साइड व्ह्यू स्केलमध्ये कागदावर काढा, सपाट एमडीएफच्या फळीवर चिकटवा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंनी बारीक खिळे ठोका, तार त्यात अडकून बसली पाहिजे. एक बाजू झाली की त्याच खिळ्यांत दुसरी, म्हणजे दोन्ही सेम टू सेम. मग टॉप व्ह्यूवर दोन्ही उभ्या करून आडवे तुकडे सोल्डरने जोडायचे, पुढे पुढे आखूड होत जाणारे.

तिरक्या नळ्या सरळ कापून टेकवू नका, टोकाला गोल नीडल फाईलने खाच पाडा, फट राहिली की सोल्डरचा गोळा दिसतो आणि मग घासत बसा. शेजारचा जॉइंट सुटू नये म्हणून त्यावर ओल्या टिश्यूची घडी ठेवायची.

रोल केजची (ड्रायव्हरभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याची) तार आधी गॅसवर हलकी लाल करा, गार झाली की मऊ पडते, मग ड्रिल बिटच्या दांड्यावर वाकवा. फ्रंट-इंजिन गाडीत ड्रायव्हर मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बसायचा, त्यामुळे केज तिथे. (१९७० मध्ये अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटून त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला, पुढच्याच वर्षी तो मागे इंजिनवाली गाडी घेऊन जिंकायला लागला. तसली बनवायची तर ड्रॉइंगच वेगळं लागेल.)

मागच्या अ‍ॅक्सलला सस्पेन्शन नसतं, तो थेट चासीला, म्हणून सोल्डर करण्याआधी गुण्या लावून बघाच. इंजिनही एकदा वरून आत उतरवून बघा. सगळं बसलं की साबण आणि जुन्या टूथब्रशने फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेला पदार्थ) धुवून काढा, नाहीतर प्रायमर धरत नाही.